व्हीएस कोडमध्ये फंक्शनपुढे दोनदा कंस येतात, कोणतं सेटिंग बंद करू?

तुम्ही लिहिलंय की पायथॉनमध्ये सुचवणीच्या यादीतून प्रिंट निवडून कंस उघडला की प्रिंट(()) असं होतं, आणि 'ऑटो क्लोजिंग ब्रॅकेट्स' बंद केल्यापासून प्रिंट(() असं अर्धवट राहतं. म्हणजे तुम्ही चुकीचं बटण बंद केलंय. ते आधी पुन्हा चालू करा.

कंस दोन ठिकाणांहून येताहेत. तुम्ही ( दाबलं की ) टाकतो तो एडिटर. पण पायलान्समध्ये, म्हणजे व्हीएस कोडला पायथॉनच्या सुचवण्या पुरवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये (जोड-प्रोग्राममध्ये), 'कम्प्लीट फंक्शन पॅरेन्स' नावाचं वेगळं सेटिंग आहे. ते मुळात बंद असतं, तुमच्याकडे चालू झालेलं दिसतंय. ते चालू असलं की नाव निवडताक्षणी पुढे () लागतं आणि कर्सर आत जाऊन बसतो. हाताला तर ( दाबायची सवय. मग आत दुसरी जोडी तयार होते.

बंद करायचं ते पायलान्सचं. कारण फंक्शन दर वेळी कॉलच करायचं, म्हणजे तिथल्या तिथे चालवायचंच असतं असं नाही; कधी नुसतं त्याचं नाव द्यायचं असतं. सॉर्टेड(नावं, की=लेन) लिहिताना लेनपुढे कंस नकोच असतो, आणि पायलान्स तो तिथेही लावू पाहते. शिवाय एडिटरचं सेटिंग चालू ठेवल्याने जादा कंस येत नाही, कारण एडिटर स्वतः टाकलेला ) लक्षात ठेवतो. तुम्ही सवयीने ) दाबलंत तरी नवा न टाकता त्याच्यावरून पुढे सरकतो.

हे नुसतं डोळ्यांना खटकण्यापुरतं नाही, म्हणून एवढं सांगतोय. जादा जोडी राहिली तरी बऱ्याचदा एररच येत नाही. पायथॉनमध्ये प्रिंट(("अ", "ब")) चालतं, पण दोन शब्दांऐवजी कंसासकट ('अ', 'ब') असं अख्खं टपल (एकत्र बांधलेल्या किमतींचा गट) छापलं जातं. जावास्क्रिप्टमध्ये तर मॅथ.मॅक्स((5, 3)) चं उत्तर 3 येतं, कारण आतल्या कंसात स्वल्पविराम हा ऑपरेटर ठरतो आणि फक्त शेवटची किंमत पुढे जाते. अशी चूक शोधायला फार त्रास होतो.

जावास्क्रिप्ट-टाइपस्क्रिप्टसाठी हेच सेटिंग 'कम्प्लीट फंक्शन कॉल्स' या नावाने आहे, सी प्लस प्लसच्या एक्स्टेन्शनमध्ये 'ऑटोकम्प्लीट अॅड पॅरेंथेसेस'.

बंद करूनही फरक पडला नाही तर सेटिंग्जमध्ये 'युजर'शेजारचा 'वर्कस्पेस' टॅब उघडून बघा. प्रोजेक्टच्या डॉट व्हीएसकोड फोल्डरमधली सेटिंग्ज तुमच्या सेटिंग्जवर मात करतात, आणि टीमच्या रेपोतून (सामाईक कोडच्या साठ्यातून) ती नकळत आलेली असू शकतात.

आणि रिकाम्या ओळीवर नुसतं ( दाबूनही दोन ) येत असतील, तर बहुधा तिसरंच एखादं एक्स्टेन्शन मध्ये आहे. कमांड पॅलेटमधून 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालवा. दर फेरीत उरलेल्यांपैकी निम्मी एक्स्टेन्शन्स बंद होतात, त्यामुळे 32 असली तरी पाच-सहा फेऱ्यांत नेमकं कोणतं ते कळतं.