टीम इंडिया अडकलेलं ते विमानतळ

प्रश्न : 2024 चा वर्ल्डकप जिंकला तेव्हा शिवाजी चौकात आम्ही पहाटेपर्यंत नाचलो, पण टीम मात्र बार्बाडोसमध्येच अडकली. ते विमानतळ एवढं बारकं आहे का हो? त्याची काय माहिती असेल तर सांगा. (राजारामपुरीतून एक वाचक)

उत्तर : बारकं? उलटं आहे भावा. बेट बारकं, विमानतळ लय दांडगं. अख्खं बार्बाडोस साधारण 430 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तसली सतरा-अठरा बेटं आरामात बसतील, आणि धावपट्टी मात्र 3353 मीटरची. आपल्या उजळाईवाडी विमानतळाची वाढवून वाढवून दोन किलोमीटरच्या आसपास गेली, त्यावरून अंदाज घ्या.

टीम अडकली ती बेरिल चक्रीवादळामुळं. फायनल 29 जूनला झाली, दुसऱ्या दिवशी रात्री विमानतळ बंद केलं, वादळ 1 जुलैला बेटाच्या दक्षिणेकडनं गेलं. मग बीसीसीआयने ठरवलेलं एअर इंडियाचं बोइंग 777 तिथं उतरलं आणि टीम, घरची माणसं, अडकलेले पत्रकार सगळ्यांना घेऊन 16 तासांच्या आसपास उडून 4 जुलैला सकाळी थेट दिल्लीत. फ्लाइटचा नंबर पण काय, एआयसी 24 डब्ल्यूसी, म्हणजे एअर इंडिया चॅम्पियन्स 24 वर्ल्डकप! एवढं मोठं विमान दिल्लीपर्यंतचं इंधन भरून उडायचं म्हणजे लांब धावपट्टी लागतेच, ती तिथं आधीपासून होती म्हणून जमलं.

आता इतिहास. जागेचं नाव सीवेल, राजधानी ब्रिजटाऊनपासून 13 किलोमीटरवर. 1930 च्या दशकाच्या शेवटी केएलएम या डच कंपनीचं विमान तिथं उतरलं, तेव्हा नुसती गवताची पट्टी होती. (राजाराम महाराजांनी आपलं विमानतळ सुरू केलं ते पण त्याच सुमारास, 1939 ला.) 1976 ला सर ग्रँटली अ‍ॅडम्स यांचं नाव दिलं. हे बार्बाडोसचे पहिले प्रीमियर, आणि 1958 ते 62 टिकलेल्या वेस्ट इंडिज फेडरेशनचे, म्हणजे तिथल्या ब्रिटिश बेटांच्या संघराज्याचे, एकमेव पंतप्रधान. फेडरेशन फुटलं, क्रिकेट टीम तेवढी एकत्र राहिली, हे मला कायम भारी वाटतं.

खरी गंमत कॉन्कॉर्डची, म्हणजे आवाजापेक्षा जोरात उडणाऱ्या प्रवासी विमानाची. बेटाचं पोट पर्यटनावर, त्यात ब्रिटिश पर्यटक लय, म्हणून थंडीच्या सीझनला ब्रिटिश एअरवेजचं कॉन्कॉर्ड लंडनहून इथं यायचं, चार तासांच्या आत. राणी एलिझाबेथचा पहिला कॉन्कॉर्ड प्रवास पण इथूनच, नोव्हेंबर 1977 मध्ये. कॉन्कॉर्ड बंद झाल्यावर त्यातलं एक, जी-बीओएई नंबरचं, नोव्हेंबर 2003 ला इथं आणून ठेवलं आणि त्याचं म्युझियम केलं. बाहेरून सुईसारखं टोकदार, आत शंभर सीटा, दोन-दोनच्या रांगा आणि मध्ये चिंचोळी वाट, खिडक्या तर हाताच्या पंजाएवढ्या. जाणार असाल तर म्युझियम चालू आहे का ते आधी विचारून घ्या.

सोयी म्हणाल तर बाहेर पांढऱ्या कापडी छताच्या मोठ्या कनाती, ड्यूटी फ्री दुकानं, आणि प्रायव्हेट जेटवाल्यांचं टर्मिनल वेगळं. वारा जवळपास बाराही महिने पूर्वेकडनं, त्यामुळं विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडनंच येऊन उतरतात.

प्रश्न : कोल्हापुरातून जायचं झालं तर कसं, आणि व्हिसाचं काय? (त्याच वाचकाचा)

उत्तर : डायरेक्ट काही नाही. आधी मुंबई गाठायची, तिथून लंडन, मग लंडन-बार्बाडोस. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण नुसतं एवढं ऐकून तिकीट काढू नका, कारण लंडनला विमान बदलायलासुद्धा आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेमार्गे गेलात तरी तिथला व्हिसा लागतोच. आणि जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन असतो, तेवढा टाळा.