तिच्या बाबांना भेटायला जाताना

प्रिय बाळा,

"आई, तिच्या बाबांच्या पाया पडू की शेकहँड करू? आणि हाक काय मारू?" असं काल विचारलंस. डिसेंबरात तुम्ही दोघं कोल्हापूरला निघालात, म्हणून नीट लिहूनच पाठवते.

पाया पड. आधी तिच्या आजीच्या, मग बाबांच्या, मग आईच्या. "असू दे, असू दे" म्हणत कोणी मधेच धरलं तरी वाकायचं. हाक काका आणि काकू.

मला काळजी आहे ती तुझ्या 'तू'ची. मेलबर्नमध्ये तू मराठी बोललास ते माझ्याशी आणि बाबाशी, आणि आम्हा दोघांनाही तू अरे-तुरेच करतोस. मला ते गोडच वाटतं. पण तिथे "काका, तू चहा घेतोस?" असं निघून गेलं तर त्यांना लागेल. "काका, तुम्ही घेता का?" म्हणायचं. ते समोर नसतानाही "काका आला" नाही, "काका आले". हे ऐनवेळी जमत नाही, जिभेला वळण लागावं लागतं.

जेवायला मटण असेल, तर तांबडा आणि पांढरा रस्सा असणारच. पांढरा सौम्य असतो, तांबडा जपून. आपल्याकडे पहिलं "नको" म्हणजे भीड समजतात आणि वाटी पुन्हा भरतात. म्हणून आधी थोडंच घे, म्हणजे आग्रहाला जागा राहील. खरकट्या हाताने पळी धरू नकोस, वाढणारे वाढतील.

"मूळ गाव कुठलं?" हे विचारतीलच. मिरज सांग. सतारमेकर गल्लीजवळ आजोबांचं घर होतं हेही सांग. कोल्हापूरहून मिरज जवळच, कुणीतरी ओळखीचं निघेल आणि गप्पा सुरू होतील. या प्रश्नाआडून कधीकधी जात शोधली जाते. मला ते मुळीच पटत नाही. तरी तू चिडू नकोस, सरळ विचारलं तर सरळ उत्तर दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या दोघांच्या मनात ही नुसती ओळख करून देणं आहे. पण मुलीने मुलगा घरी आणला की गल्लीतले लोक लग्न कधी हेच विचारतात, आणि उत्तर तिच्या बाबांना द्यावं लागतं. तू आठवड्याने विमानात बसशील, ते त्याच गल्लीत राहणार आहेत. म्हणून काय सांगायचं ते जाण्याआधी दोघांनी बसून ठरवा. नक्की नसेल तर नक्की नाही म्हणा, फक्त दोघांचं उत्तर एकच असू दे.

तुझा बाबा 1996 साली आमच्या घरी पहिल्यांदा आला, तेव्हा आजोबांनी चहा होताच विचारलं, "पुढे काय ठरवलंय?" बाबा म्हणाला, "लग्न करायचंय, पण नोकरी अजून कायम झालेली नाही. वर्षभर थांबाल का?" आजोबा लगेच काही बोलले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, "पोरगं खरं बोलतं." आणि वर्षभर थांबले. त्या वर्षात आलेली दोन चांगली स्थळं त्यांनी परत पाठवली, हे मला फार उशिरा कळलं.

निघताना "जातो" म्हणू नकोस, "येतो" म्हण. रविवारी फोन कर. तासभर फक्त 'तुम्ही' म्हणत बोलू, मलाही अहो-जाहोच कर.

तुझी,
आई