वाचकांचे प्रश्न: तास भरले, पण सल्ला जुनाच राहिला तर?

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञ आहे. आठवड्याचे साडेचार दिवस क्लिनिक, घरी दोन लहान मुलं. स्तनपान वैद्यकाचं मंडळ प्रमाणपत्र (बोर्ड सर्टिफिकेट) मी रात्री जागून अभ्यास करून मिळवलं, तेव्हा फार आनंद झाला होता. आता ते टिकवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मूळ बालरोग मंडळाचं आहेच, राज्याचा परवाना आहे, रुग्णालयाची सक्तीची प्रशिक्षणं आहेत, आणि वर हे. सहकारी म्हणतात, ‘कागद नसला तरी तू आयांना मदत करणारच ना?’ मलाही तसंच वाटायला लागलंय. सोडून देऊ का? आणि सोडायचं नसेल, तर हे सगळं बसवायचं कसं?

उत्तर : ताई म्हटलंत, म्हणून आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या चुकीतूनच आलंय.

मीही बालरोगतज्ज्ञ, शिकागोजवळ काम करते. 2022 च्या शेवटी शेवटी एक बाळंतीण माझ्याकडे आली. बाळ तीन आठवड्यांचं, तिच्या उजव्या स्तनात लिंबाएवढी लाल, दुखरी गाठ, अंगात कणकण. मी पंधरा वर्षं जे सांगत आले तेच तिला सांगितलं. गरम पाण्यानं शेका, गाठ दाबून दाबून मोकळी करा, बाळ पिऊन झालं की पंप लावून ती बाजू पूर्ण रिकामी करा. पोरगी गुणी. तिनं एकूण एक गोष्ट केली, रात्रीची सुद्धा. चौथ्या दिवशी परत आली तेव्हा सूज दुप्पट झाली होती आणि बोटानं दाबलं तिथे त्वचेवर खड्डा पडत होता. ती मलाच विचारत होती, ‘माझं काही चुकलं का?’

चुकलं माझं होतं. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेनं त्याच वर्षी स्तनदाहाबद्दलचा 36 क्रमांकाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांच्या मार्गदर्शक सूचना, काढला होता आणि त्यात नेमकं माझ्या सल्ल्याच्या उलट लिहिलं होतं. नळीत दुधाचा बूच बसतो आणि तो जोर लावून बाहेर काढायचा, हे चित्रच बरोबर नाही. आजूबाजूच्या सुजेमुळे नळ्या दबून अरुंद होतात. खोल, जोरात मसाज केला की ती सूज वाढते, बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. पंपानं जास्तीचं काढलं की शरीराला वाटतं एवढी गरज आहे, आणि दूध आणखी वाढतं. मग गाठ सुटायची कशी? बर्फाचा शेक, आयबुप्रोफेनसारखं सूज उतरवणारं औषध, बाळाला भूक लागेल तसं नेहमीसारखं पाजणं आणि गाठीला हात न लावणं, एवढंच करायचं होतं. जिवाणूंचा संसर्ग दिसला तर प्रतिजैविक, पण प्रत्येक लाल डागाला नाही.

तो प्रोटोकॉल माझ्या इनबॉक्समध्ये पाच महिने न उघडता पडला होता. आणि प्रमाणपत्र, परवाना टिकवायला लागणारे त्या वर्षीचे माझे शिक्षणाचे तास पूर्ण भरलेले होते! जास्तच होते. ते कुठून आले होते? जेवणाच्या सुट्टीत लावून दिलेली, मला आधीच येणाऱ्या विषयांवरची व्याख्यानं. मी त्या आईला फोन करून सांगितलं की माझा सल्ला जुना होता. तिनं समजून घेतलं. मला मात्र तिचा तो प्रश्न अजून ऐकू येतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘सोडू नका’ असं आहे. कागदाशिवाय तुम्ही मदत करालच, तुमचे सहकारी खोटं बोलत नाहीत. पण या विषयात आपल्यापैकी बहुतेकांनी मेडिकल कॉलेजात किती शिकलं ते आठवा. एखादं व्याख्यान, तेही कोलोस्ट्रमवर, म्हणजे पहिल्या चिकावर. बाकीचं आपण सिनियर डॉक्टरांचं ऐकून, नर्सेसकडून, स्वतःच्या बाळंतपणातून उचललं. असं उचललेलं ज्ञान जुनं झालं की ते सांगायला कोणी येत नाही. न्यूमोनियाच्या औषधाचा चुकीचा डोस लिहिला तर फार्मसीतून फोन येतो. ‘ऑपरेशननंतर चोवीस तास दूध काढून फेकून द्या’ असं चुकीचं सांगितलं तर कोणाचाच फोन येत नाही. आई मुकाट्यानं ओतून देते.

आता बसवायचं कसं ते सांगते.

आधी एक गोष्ट मनात साफ ठेवा. स्तनपानाचं प्रमाणपत्र देणारं नॉर्थ अमेरिकन बोर्ड ऑफ ब्रेस्टफीडिंग अँड लॅक्टेशन मेडिसिन हे स्वतंत्र मंडळ आहे, बालरोग मंडळ जिच्यात येतं त्या अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशॅलिटीज या शिखर संस्थेच्या 24 सदस्य मंडळांपैकी ते नाही. म्हणजे तुमचं बालरोगाचं प्रमाणपत्र त्यानं आपोआप नवं होत नाही. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, दोन्हीकडच्या अटी वेगळ्या. पण अभ्यास दोनदा करावा लागत नाही, आणि इथेच वेळ वाचतो.

बालरोग मंडळाच्या पाच वर्षांच्या फेरीत 100 गुण लागतात, त्यातले निदान 40 स्वतःच्या कामाची गुणवत्ता सुधारण्याचे. तो भाग आपण सगळे कुरकुरत, शेवटच्या वर्षी, कुठला तरी तयार प्रकल्प उचलून उरकतो. तसं करू नका. स्तनपानाचाच विषय घ्या. मी घेतला होता तो असा : रुग्णालयातून घरी गेल्यावर 48 ते 72 तासांत आमच्याकडची किती नवजात बाळं वजनाला आणि दूध पिताना बघायला येतात? मोजायला बसलो तेव्हा कळलं की शुक्रवारी घरी गेलेली बाळं थेट मंगळवारी, बुधवारी येत होती. आम्ही शनिवारी सकाळी दोन तास फक्त या बाळांसाठी ठेवले. आमच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी फोनवर विचारायचं एक वाक्य बदललं, ‘कधी याल?’ऐवजी ‘शनिवारी नऊ की दहा?’ याचे गुण बालरोग मंडळाकडे मिळाले, आणि त्यासाठी वजन घटणं, कावीळ, उशिरा उतरणारं दूध यांवर जे वाचलं ते स्तनपानाच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातलंच होतं. तसंच परिषदेचं. स्तनपान वैद्यकाच्या परिषदेत अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे (एएमए) श्रेणी 1 चे शिक्षणाचे तास मिळत असतील तर तेच राज्याच्या परवान्यालाही चालतात. वर्षाला एकच परिषद करा, पण ही करा.

बालरोग मंडळाची केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा 2019 पासून ऐच्छिक झाली आणि दर तिमाहीला घरबसल्या 20 पर्यंत प्रश्न सोडवायची सोय आली, हे तुम्हाला माहीतच आहे. मला त्या पद्धतीतलं एक आवडलं, थोडं थोडं आणि सतत. स्तनपानासाठी मी तसंच स्वतःचं लावून घेतलंय. टेबलाच्या खणात एक पाकीट आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना मी मनात क्षणभर जरी चाचपडले, तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकते. दर रविवारी सकाळी, घर उठायच्या आधी, दोन चिठ्ठ्या काढते आणि शोधते. औषधाचा प्रश्न असेल तर सरळ लॅक्टमेड, म्हणजे पाजणाऱ्या आयांच्या औषधांची माहिती देणारं, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या संकेतस्थळावरचं दालन, फुकट आहे आणि सतत नवं होतं. अर्धा तास लागतो. कधी पाऊण.

मागच्या काही वर्षांत त्या पाकिटातून काय काय निघालं ते सांगितलं तर तुम्हाला अंदाज येईल. सीटी स्कॅनच्या आयोडिनच्या औषधानंतर पाजणं थांबवायचं का? नाही. आईला दिलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहून कमी दुधात उतरतं, आणि त्यातलं एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषलं जातं. टाके दुखतात म्हणून ट्रामाडॉल? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, 2017 पासून पाजणाऱ्या आयांना ट्रामाडॉल आणि कोडीन देऊ नये असं सांगितलंय, कारण काही बायकांचं यकृत त्यांचं फार झपाट्यानं जास्त प्रभावी रसायनात रूपांतर करतं आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. आधी बाळंत झालेली आई सांगते, ‘मला आधीच्या वेळी दिलं होतं,’ आणि ते खरंच असतं. दूध वाढवायला डॉम्पेरिडोन? कॅनडातल्या बहिणीला तिचा डॉक्टर लिहून देतो, इथे ते कुठल्याच कारणासाठी मंजूर नाही. जिभेखालचा पडदा कापायचा का? अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा 2024 चा अहवाल सावध आहे : आधी पाजताना पाहा, बाळ स्तन नीट तोंडात घेतंय का ते सुधारा, कात्री नंतर.

आणि एक चिठ्ठी, जिनं मला सगळ्यात जास्त हलवलं. एचआयव्ही असलेल्या आईनं पाजू नये, हे मी इतक्या ठामपणे शिकले होते की ते तपासावं असंही कधी वाटलं नाही. 2024 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं भूमिका बदलली. आई नियमित औषधं घेत असेल, रक्तातला विषाणू सतत मोजता न येण्याइतका कमी असेल आणि तिला पाजायचं असेल, तर धोका एक टक्क्याहून कमी आहे, शून्य नाही, हे तिला स्पष्ट सांगून तिला साथ द्यावी. आधी आम्ही अशा आयांशी कसं बोलत होतो ते आठवलं. एकदोघींनी डोळे पुसत पावडरच्या दुधाचा डबा उघडला होता आणि मी ‘हेच बरोबर’ म्हणत पाठीवर हात ठेवला होता.

तुमचे तास या चिठ्ठ्यांमधून ठरवा. वर्षाच्या सुरुवातीला पाकीट पालथं करा, कुठल्या विषयाच्या चिठ्ठ्या जास्त आहेत ते बघा आणि त्या विषयाचे कोर्स घ्या. माझ्या चिठ्ठ्यांत एका वर्षी निम्म्या औषधांच्या होत्या, दुसऱ्या वर्षी पंपाच्या. आपल्याला आवडतो तो विषय नसतो त्यात, आपण कच्चे असतो तो असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रत्येक प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये, नावात आधी तारीख मग तास. आणि मंडळाकडे स्वतःचा खासगी ईमेल द्या, रुग्णालयाचा नाही. मी नोकरी बदलली तेव्हा नूतनीकरणाची सगळी पत्रं बंद झालेल्या पत्त्यावर जात राहिली, आणि मुदत संपायला नऊ दिवस असताना एका मैत्रिणीच्या बोलण्यातून मला कळलं. ते नऊ दिवस मला पुन्हा नकोत.

प्रश्न : माझी सून बाळंत झाली आहे. एका बाईंच्या नावापुढे आय.बी.सी.एल.सी. आहे, दुसऱ्या डॉक्टर आहेत आणि त्यांच्याकडे स्तनपानाचं मंडळ प्रमाणपत्र आहे. दोघींत फरक काय? कोणाकडे न्यावं?

उत्तर : काका, दोन्ही परीक्षा देऊनच मिळतात. आय.बी.सी.एल.सी. हे स्तनपान सल्लागाराचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, 1985 पासून आहे. नर्स, आहारतज्ज्ञ आणि इतरही ते घेतात. दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, 75 तासांचं शिक्षण दाखवून किंवा पुन्हा परीक्षा देऊन. बाळाला कसं धरायचं, स्तन नीट तोंडात कसा द्यायचा, पंपाचं माप कोणतं, यात अनुभवी सल्लागार आम्हा डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ देतात आणि पुष्कळदा जास्त चांगलं शिकवतात. दुसरं प्रमाणपत्र फक्त डॉक्टरांसाठी आहे. ताप, गळू, औषधं, थायरॉइड, बाळाचं वजन न वाढणं, म्हणजे जिथे तपासून निदान करायचं आणि औषध लिहायचं आहे, तिथे त्या डॉक्टर लागतील.

सूनबाईंना नुसतं दुखत असेल तर आधी सल्लागार बाईंकडे न्या. ताप असेल, किंवा बाळ पाचव्या दिवशीही दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले करत असेल, तर बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन करा.