ब्लॉब ‘पाळला’ की ‘लावला’?

फ्रान्समधल्या ल्योंहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलीनं शाळेतून पिवळा स्लाइम मोल्ड घरी आणलाय, तिकडच्या बोलीत ‘ब्लॉब’. ‘आम्ही ब्लॉब पाळलाय’ असं फोनवर सांगितलं, तर आजी म्हणाल्या, “बुरशी कुणी पाळतं होय? बुरशी लागते.” मग मराठीत म्हणायचं काय?

माझ्या मते ‘पाळलाय’ हेच बरोबर. आजींचं मराठी चोख आहे, घोळ नावात आहे. ब्लॉब (शास्त्रीय नाव फायसॅरम पॉलिसेफॅलम) पूर्वी कवकांत, म्हणजे बुरशीच्या वर्गात धरत, म्हणून ‘मोल्ड’, म्हणजे बुरशी, हे नाव चिकटलं. प्रत्यक्षात तो अमीबाच्या गोतावळ्यातला. तळहाताएवढा पसरला तरी एकच पेशी, आणि तिच्यात असंख्य केंद्रकं. घरात तर खरी बुरशी त्याच्या मुळावर उठते. त्याला खाऊ म्हणून दिलेल्या ओट्सच्या दाण्यावर करडी लव दिसली की पिवळा तुकडा उचलून अगरच्या (आपल्याकडचं चायना ग्रास) ताज्या थरावर हलवावा लागतो. त्याला बुरशी म्हटलं, तर ‘बुरशीला बुरशी लागली’ म्हणायची पाळी येते! ब्लॉबच म्हणा, टेबल, पेन हे शब्द चालतात तसा हाही चालेल.

आता क्रियापद. या बाबतीत मराठी फार काटेकोर आहे. अळिंबीची आपण लागवड करतो, रेशीमअळ्यांचं संगोपन, मधमाश्यांचं पालन. दही लावतो, बाग जोपासतो. ‘पोसणं’ यात खर्चाची कुरकुर ऐकू येते. जो स्वतः हलतो, खातो, ज्याला आवडनिवड आहे, त्याच्यासाठी ‘पाळणं’.

ब्लॉब या कसोटीला उतरतो. रात्री डबीच्या एका कडेला ओट्स ठेवा, सकाळी तो तिथे पोचलेला असतो आणि मागे चिकट वाट राहिलेली असते. उजेड आणि मीठ तो टाळतो. झाकण सैल राहिलं तर डबीबाहेरही निघतो. भिंग धरून त्याच्या शिरा जरूर बघा: आतला रस एका दिशेला वाहतो, मंदावतो, क्षणभर थबकतो आणि उलटा फिरतो. मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा तेच. हे एकदा पाहिल्यावर ‘लावला’ हा शब्द मला तरी सुचणार नाही. म्हणून ओट्स ‘घातले’ असंही नको. खत घालतात, जिवाला भरवतात.

‘पाळणं’ची दुसरी बाजूही इथे लागू पडते. आपण पथ्य पाळतो, वेळ पाळतो, शब्द पाळतो; बंधन पाळणाऱ्यावर असतं. ब्लॉबला अंधार, ओल आणि नियमित खाऊ लागतो. गावाला जायचं असेल तर त्याला कागदावर हळूहळू सुकू द्यायचं. त्याचा नारिंगी, कडक पापुद्रा होतो आणि तो महिनोन्‌महिने तसाच टिकतो. पाणी शिंपडलं की पुन्हा पसरू लागतो. ‘झोपवला’ आणि ‘उठवला’ हे शब्द मला इथे अगदी योग्य वाटतात. २०२१ मध्ये अंतराळवीर तोमा पेस्के यांनी अंतराळ स्थानकात ब्लॉबवर प्रयोग केले, तेव्हा फ्रान्समधल्या शाळांतही असेच झोपलेले ब्लॉब वाटले होते.

‘माणसाळला’ मात्र म्हणू नका. त्यात माणसाची ओळख, माया गृहीत आहे आणि त्याला आपली ओळख असल्याचा काही पुरावा नाही. पण ‘सरावला’ म्हणता येईल, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. तुलूझच्या संशोधक ओद्रे द्युसुतूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. खाऊकडे जाणाऱ्या अगरच्या पुलावर त्यांनी क्विनीन किंवा कॅफीन मिसळलं. सुरुवातीला ब्लॉब घुटमळले, फार हळू गेले. काही दिवसांत त्या कडूपणाला सरावले आणि सरळ पूल ओलांडू लागले. मधे दोन दिवस कडू काही दिलं नाही, तर पुन्हा घुटमळायला लागले. याला मराठीत नेमका शब्द आहे: सराव मोडला.