विमान कॉम्प्युटर चालवतो, मग चूक वैमानिकाची कशी?

"विमान कॉम्प्युटरच चालवतो, तर अपघात वैमानिकाच्या चुकीने कसे होतात? मुलगी पायलट ट्रेनिंगला जायचं म्हणतेय," असं तुम्ही विचारलंय. 'वैमानिकाची चूक' हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. मी वैमानिक नव्हे. तीस वर्षं सांताक्रूझला विमानांच्या देखभालीत काढली. कॉम्प्युटर काय, कॅप्टन काय, दोघांनाही वेग कळतो तो बाहेर बसवलेल्या, समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या बोटाएवढ्या पिटो नळीतून. तिथे घोटाळा झाला की वरचे सगळे शहाणे वेडे.

1998 चा श्रावण. तीन दिवस उभं असलेलं विमान पहाटेच्या फ्लाइटला द्यायचं होतं. नळ्यांना कव्हरं घातलेली नव्हती. (का, ते विचारू नका.) टॉर्च मारली तर डाव्या नळीच्या तोंडाशी माती. कुंभारीण माशी! गावाकडे दाराच्या कडीकोयंड्यात घर बांधते, तीच. विमान सोडायला माझी सही लागायची. मी केली नाही. नळीची लाइन सोडवली, उलट्या बाजूने नायट्रोजन मारला, पुन्हा जोडून लीक टेस्ट घेतली. दोन तास गेले. कॅप्टन म्हणाले, "अहो, एक बंद तर दुसरी आहे ना!" प्रवासी खवळले, आणि दुपारी साहेबांनी माझ्या हातात मेमो ठेवला: अनावश्यक विलंब.

'दुसरी आहे ना' याचं उत्तर तेव्हा अडीच वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं. 6 फेब्रुवारी 1996, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पोर्तो प्लाटा, बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग 757. बरेच दिवस उभं होतं, नळ्या उघड्या राहिल्या होत्या. चौकशीत संशय गेला तो कुंभारणीवरच. कॅप्टनला धावपट्टीवरच कळलं की आपला वेगाचा काटा चालत नाही, तरी तो थांबला नाही. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटला, नळीत कोंडलेली हवा होती तशीच, म्हणून काटा खोटा वेग वाढवून दाखवू लागला. ऑटोपायलटही त्याच बाजूचं ऐकत होता. वेग फार झाला समजून त्याने नाक वर केलं. खरा वेग संपला आणि 189 माणसं समुद्रात गेली. उजवीकडचा काटा शेवटपर्यंत बरोबर होता.

एअर फ्रान्स 447 तुम्ही ऐकलंच असेल. 1 जून 2009, रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए-330. नळ्यांत बर्फ धरला, काही क्षण वेगाचे आकडे विसंगत झाले आणि ऑटोपायलटने हात वर केले. रात्र, ढग, कॅप्टन विश्रांतीला गेलेला. सहवैमानिकाने स्टिक मागे ओढली ती ओढलीच, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना हवेचा आधार उरला नाही. त्यातही वाईट म्हणजे मोजलेला वेग फारच खाली गेला की स्टॉलचा इशारा बंद पडायचा, आणि नाक जरा खाली केलं की पुन्हा वाजायचा. म्हणजे बरोबर केलं की ओरडा, चूक केली की शांतता! साडेचार मिनिटांच्या आत 228 जण गेले. चूक झाली, मान्य. पण तासन्‌तास निवांत बसवून ऐन वादळात गाडी हातात देणाऱ्या यंत्राला कोण मेमो देणार?

बोइंग 737 मॅक्सचं तर बोलायलाच नको. 2018 आणि 2019 मधले दोन अपघात मिळून 346 बळी. एमकॅस नावाची यंत्रणा एकाच सेन्सरवर विश्वास ठेवून नाक खाली दाबत होती, आणि पहिला अपघात होईपर्यंत वैमानिकांच्या पुस्तकात ती कशी चालते हे दिलेलंच नव्हतं. याला वैमानिकाची चूक म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही.

तरी सगळं नळीवर ढकलू नका, हेही सांगतो. 14 फेब्रुवारी 1990 ला मुंबईहून बंगळूरला गेलेलं ए-320 धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटलं, 92 जण गेले. तिथे वेग बरोबर दिसत होता. इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी ताकदीवर राहतील असा मोड लागलेला होता, वेग घसरत गेला आणि दोघांच्याही ते वेळेत लक्षात आलं नाही. यंत्र आपलं बघून घेईल, ही सवय मात्र तीच.

मुलीला जाऊ द्या. फक्त सांगा, उड्डाणाआधी विमानाभोवती स्वतः फिरायचं, नळीत डोकावायचं. (बोट लावू नये, हीटर चालू असला तर भाजतं.) धावपट्टीवर वेगाचे दोन काटे जुळले नाहीत तर तिथेच थांबायचं, मागून कोणीही घाई करो. देखभालवाला सही करत नसेल तर त्याच्यावर ओरडायचं नाही. आणि हो, मेमो मिळाला तर जपून ठेवायचा, मी ठेवलाय.

मेमो देणारे साहेब आता आमच्याच सोसायटीत राहतात. काल बाकावर बसून त्यांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. म्हणाले, "वैमानिकाचीच चूक असते रे. पण ते दोन तास मी अजून विसरलेलो नाही."