अद्भुतरम्य कादंबरीत वाचकांना कोणते प्राणी आणि कोणते विषय वाचायला आवडतील?

आपण विचारले आहे की ड्रॅगन आता फार जुना झाला आहे, तेव्हा पहिल्या कादंबरीसाठी एखादा संपूर्ण नवा प्राणी निर्माण करावा का, आणि त्याच्या जोडीला कोणते विषय घेतले तर वाचक कंटाळणार नाहीत. माझ्या मते ड्रॅगन जुना झालेला नाही. त्याला कामापुरते बोलावून घ्यायचे आणि काम झाले की विसरून जायचे, ही पद्धत मात्र जुनी झाली आहे. राजाला युद्ध जिंकायचे असते तेव्हा तो येतो, आग ओकतो आणि पुढच्या प्रकरणात नाहीसा होतो. तो काय खातो, कुठे निजतो, आजारी पडला तर त्याच्याजवळ कोण थांबते, हे लेखकाने ठरवलेलेच नसते आणि वाचकाच्या ते फार लवकर लक्षात येते.

या विषयावर मी इतक्या ठामपणे लिहिते याला कारण आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक ग्रिफिन होता, म्हणजे गरुडाचे डोके व पंख आणि सिंहाचे धड असलेला, सर्वांना ठाऊक असलेला प्राणी. सरहद्दीवरच्या एका किल्ल्यात त्याला सांभाळणारी एक म्हातारी होती आणि कादंबरीचा मधला मोठा भाग त्याची पिसे गळण्याच्या काळाबद्दल होता. बहुतेक पक्ष्यांची पिसे थोडी थोडी करून गळतात, त्यामुळे त्यांचे उडणे थांबत नाही. परंतु बदके, हंस यांसारख्या पक्ष्यांची उड्डाणाची पिसे एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. माझा ग्रिफिन मी या दुसऱ्या प्रकारचा केला. ज्याच्या भीतीने शत्रू सरहद्द ओलांडत नाही तो प्राणी दरवर्षी काही आठवडे जमिनीवर खिळून असतो, ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून म्हातारी गळालेली पिसे रात्री गोळा करून जाळते. नवे पीस फुटते तेव्हा त्याच्या कोंबाभोवती, नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, पातळ आवरण असते. पक्षी ते चोचीने सोलून काढतो, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत आणि मानेच्या मागच्या भागापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही; तिथे जोडीदार लागतो. किल्ल्यात दुसरा ग्रिफिन नसल्यामुळे हे काम म्हातारी करते. ती प्रत्येक कोंब चिमटीत धरून टोकाकडचे सुकलेले आवरण हलकेच कुस्करते आणि बुडाकडे बोट जाऊ देत नाही, कारण वाढत्या पिसाच्या बुडाशी रक्त असते आणि तिथे दाब पडला तर ते वाहू लागते.

एका संपादकांनी ते हस्तलिखित वाचले आणि ही सगळी पाने काढून टाकण्यास सांगितले. त्यांच्या मते त्या जागी आकाशातली लढाई हवी होती आणि ग्रिफिनला दोन डोकी दिली असती तर मुखपृष्ठही अधिक उठावदार झाले असते. वाचकाला भव्यता हवी असते, प्राण्याचा दिनक्रम नको असतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी पाने काढली नाहीत. कादंबरी पुढे दुसरीकडून प्रसिद्ध झाली तेव्हा वाचकांच्या पत्रांत शेवटच्या लढाईचा उल्लेख क्वचितच आला; म्हातारी गेल्यावर त्याच्या मानेवरची पिसे कोण सोलणार, हा प्रश्न मात्र वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. एका वाचक बाईंनी लिहिले की या ग्रिफिनला दुसऱ्या कुणाची मान साफ करण्याची संधी आयुष्यात कधीच मिळालेली नाही आणि ते वाचताना त्यांना सर्वांत जास्त वाईट वाटले. मी एकटेपणा हा शब्द त्या प्रकरणात एकदाही वापरला नव्हता. तो विषय त्या पिसांतूनच त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

म्हणून प्राणी कोणता आणि विषय कोणता असे दोन वेगळे प्रश्न करू नका. आपल्या ड्रॅगनच्या आगीचेच पाहा. बॉम्बार्डियर नावाचा एक भुंगेरा पोटातल्या एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही दोन रसायने एकत्र साठवतो आणि संकटात ते मिश्रण दुसऱ्या कप्प्यात सोडतो; तिथल्या विकरांमुळे, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या द्रव्यांमुळे, ते भडकते आणि जवळजवळ १०० अंश सेल्सियस तापमानाचा फवारा बाहेर पडतो. हा साठा संपतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. ड्रॅगनची आगही अशीच संपणारी असेल तर ती कुणासाठी खर्च करायची आणि कुणाला नाकारायची, हे त्याला ठरवावे लागेल, आणि नकार देऊ शकणारा ड्रॅगन राजाला परवडणार आहे का, हा कादंबरीचा विषय आपोआप तयार होईल. आकाराबाबतही तेच आहे. प्राणी त्याच प्रमाणात दुप्पट लांब केला तर वजन आठपट होते, पण हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे वजन पेलण्याचे त्यांचे बळ, चौपटच वाढते, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले. आजवर सापडलेल्या उडणाऱ्या प्राण्यांतील सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेल्या क्वेत्झालकोअॅटलस या नामशेष सरीसृपाच्या पंखांचा विस्तार सुमारे १० ते ११ मीटर होता. आपला ड्रॅगन त्याहून कितीतरी मोठा असेल तर खुशाल असू द्या, मात्र तो कशाच्या बळावर उडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे निदान आपल्याला तरी ठाऊक असले पाहिजे.

जुने कल्पित प्राणीसुद्धा हवेतून आलेले नाहीत. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट येथे सोळाव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या ड्रॅगनच्या पुतळ्याचे डोके त्या भागात सापडलेल्या एका कवटीवरून केलेले आहे, आणि ती कवटी हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची होती. त्या शिल्पकाराने एक खरे हाड समोर ठेवून कल्पना केली. आजचे अनेक लेखक दुसऱ्यांच्या ड्रॅगनकडे पाहून आपला ड्रॅगन लिहितात आणि मग वाचक कंटाळल्याची तक्रार करतात.

विषयांबद्दल थोडक्यात सांगते. भाकितात सांगितलेला निवडलेला मुलगा पुरे झाला. जन्मतःच दुष्ट असलेली संपूर्ण जमातही पुरे झाली. ज्या जमातीत मुले वाढवली जातात तिच्यात कुणीतरी कुणाची तरी काळजी घेत असणारच, आणि ते लपवून लिहिणे हा आळस आहे. वाचकांना प्राण्याचे वार्धक्य वाचायचे असते, माणूस आणि प्राणी यांच्यातले न जमलेले संभाषण वाचायचे असते आणि उपकाराच्या ओझ्याखाली दबलेली मैत्री वाचायची असते. नियमांनी बांधलेला प्राणी तर फारच हवा असतो. वेताळ इतकी शतके टिकला तो त्याच्या अटीमुळे: उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर हातात आलेला वेताळ पुन्हा झाडावर जाणार. तो दिसतो कसा, याचे वर्णन मला आज आठवत नाही, अट आठवते.

संपूर्ण नवा प्राणी करायचाच असेल तर एकच करा, आणि शिंगे व डोकी मोजण्याआधी त्याचा लढाई नसलेला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा. तो दिवस लिहिता आला नाही, तर प्राणी अजून तयार झालेला नाही असे समजा.

यावर काही मर्यादा घालणे आवश्यक आहे. मी सांगते ती सगळी माहिती पुस्तकात ओतायची नसते, आणि लोककथेच्या वळणाने लिहिणाऱ्याला तर कशाचेच स्पष्टीकरण देण्याचे बंधन नाही. केवळ थरारासाठी वाचणारे वाचकही पुष्कळ आहेत व त्यांची आवड कमी प्रतीची नाही. आपण त्यांच्यासाठी लिहीत असाल तर माझा सल्ला आपल्या निम्म्याच उपयोगाचा आहे. पण आपण एका पानावर प्राण्याची जखम धुणारे हात लिहिले असतील आणि कुणी सांगितले की वाचकाला याची गरज नाही, तर ते पान कापू नका. पाने कमी करणे भागच असेल, तर आधी लढाईतली कमी करा.