इंग्लंडमधलं शेफिल्ड राहायला कसं आहे? लोक खरंच मनमिळाऊ आहेत का?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात. यजमानांना इथल्या विद्यापीठात दोन वर्षांचं काम मिळालंय, सोबत लहान मूल आहे, तर घर कुठल्या भागात घ्यावं. लोक मनमिळाऊ आहेत असं ऐकलंय ते खरं का. आणि सुट्टीच्या दिवशी बघण्यासारखं काय आहे. मी इथे फिजिओथेरपिस्ट आहे आणि वॉकली नावाच्या भागात राहते. म्हणजे चढण आणि लोकांचे गुडघे या दोन्हींशी माझा रोजचा संबंध.

आधी माझं मत सांगून टाकते. शेफिल्ड हे बघायला येण्याचं शहर नाही, राहायला येण्याचं आहे. यॉर्क किंवा एडिनबरा बघून इथे उतरलात तर पहिल्या दिवशी नाक मुरडाल. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत शहराचा मधला भाग बेचिराख झाला, नंतर घाईघाईने काँक्रीट उभं राहिलं, आणि अलीकडे मोठी मोठी दुकानंही बंद पडली. फोटो काढावा असा जुना चौक शोधत फिरलात तर निराशा होईल. पण महिनाभर राहा आणि मग मला सांगा.

लोकांबद्दल ऐकलंय ते खरं आहे. बसमधून उतरताना शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत जवळजवळ प्रत्येक जण ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हणून उतरतो. दुकानातल्या बाई तुम्हाला ‘लव्ह’ म्हणतील, आणि तुमच्या यजमानांना एखादा दाढीवाला गवंडीसुद्धा ‘लव्ह’ म्हणेल. त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. स्टॉपवर बस उशिरा आली (ती येतेच) की अनोळखी माणसं आपसांत बोलायला लागतात. लंडनहून इथे बदलून आलेल्या माझ्या एका सहकारी बाईंना सुरुवातीला वाटायचं, या लोकांना आपल्याकडून काहीतरी हवंय. काही नको असतं. नुसत्या गप्पा हव्या असतात.

पण या गोडव्याला मैत्री समजू नका. स्टॉपवर दहा मिनिटं सांधेदुखी आणि जावई या विषयांवर बोलणारी बाई तुम्हाला घरी चहाला बोलवेलच असं नाही. त्याला वेळ लागतो आणि कुठेतरी नियमित जावं लागतं: मुलाच्या शाळेचं फाटक, शनिवार सकाळची पार्कातली धाव, वाचनालय, भाजीपाल्याचा भाड्याचा वाफा. एकदा ओळख मुरली की माणसं पक्की असतात. माझ्या शेजारच्या काकू आम्ही भारतात असताना आमचा कचऱ्याचा डबा बरोबर त्याच्या वारी बाहेर ठेवतात आणि आत घेतात, आणि परत आल्यावर त्याचा उल्लेखही करत नाहीत.

हे असं का, यावर माझा एक तर्क आहे. साडेपाच लाखांहून जास्त वस्तीच्या या शहराला लोक ‘इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं खेडं’ म्हणतात. टेकड्या आणि डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली, रिव्हलिन या पाच नद्यांनी ते तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलंय आणि प्रत्येक तुकड्याला आपापली दुकानं, आपापला पब. त्यात धंद्याची रीत अशी की चाकू एका छपराखाली पुरा होतच नसे. एक जण पातं घडवी, दुसरा धार लावी, तिसरा मूठ बसवी. अशा छोट्या कारागिरांना इथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. शेजाऱ्याशी बोलणं तोडलं तर धंदाच बसायचा. सुरी-कात्री करणाऱ्यांची संघटना, कटलर्स कंपनी, १६२४ ची आहे आणि अजून चालू आहे.

पोलादाचा अभिमान आजही कसा दिसतो ते सांगते. आमच्या विभागाचं नाताळचं जेवण होतं. टेबलावर बसल्याबसल्या, मेन्यूकार्डाला हात लावण्याआधी, निम्म्या लोकांनी काटे-चमचे उलटे केले आणि दांड्याच्या मागचा शिक्का वाचला. ‘शेफिल्ड’ दिसलं तर मान डोलते. दुसरं काही दिसलं तर चमचा खाली ठेवताना जरा जास्त आवाज होतो. यात ज्यांच्या घरात कधी कुणी भट्टीवर काम केलं नाही असे लोकही असतात.

आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचा धागाही इथवर येतो. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली, त्यामुळे एकजिनसी पोलाद मिळू लागलं. मग १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून क्रोमियम घातलेलं पोलाद तपासत होता. ते सहजी गंजत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला पहिला उपयोग सुचला तो सुऱ्यांचा. १९८० च्या दशकात कारखाने एकामागून एक बंद झाले. त्या काळात नोकरी गेलेले लोक आज माझे पेशंट आहेत. खांदे गेलेले, आणि घणांच्या आवाजाने कानही. बरेच जण खुर्ची फिरवून चांगला कान माझ्याकडे करतात, मगच बोलतात. मी भारतातली म्हटल्यावर एखादा टाटांचा विषय काढतोच, कारण शहराच्या टोकाचा स्टॉक्सब्रिजचा पोलाद कारखाना २००७ पासून २०१७ पर्यंत टाटांकडे होता. त्यावर प्रत्येकाचं मत वेगळं, आणि मला ते सगळं ऐकून घ्यावं लागतं.

आता घर. नकाशावर विद्यापीठ आणि घर यांतलं अंतर बघू नका, चढ बघा. एक किलोमीटर म्हणजे सपाटीवर बारा मिनिटं. इथे बाबागाडी ढकलत दुप्पट, आणि जानेवारीत बर्फ गोठल्यावर देवाचं नाव घेत. काही रस्ते इतके उभे आहेत की फुटपाथला धरायला कठडा बसवलाय. क्रूक्स आणि वॉकली इथून विद्यापीठ चालत जमतं, दोन्हीकडे मुलंबाळं असलेली घरं आहेत. चढ नकोच असेल तर हिल्सबरो बघा, तिथून ट्राम थेट विद्यापीठाच्या दारात येते. मीर्सब्रुक, नेदर एज छान आहेत, भाडं जरा जास्त. ब्रूमहिल आणि एक्लसॉल रोडच्या आसपास विद्यार्थ्यांची वस्ती दाट, रात्री बाराला गाणी ऐकू येतील. सरकारी शाळेतला प्रवेश बऱ्याच अंशी पत्त्यावर ठरतो, म्हणून घराआधी शाळा बघा.

विटांची जुनी चाळवजा घरं बाहेरून देखणी असतात. आत जाल तेव्हा बाह्य भिंतीच्या कोपऱ्यात कपाटामागे हात घालून ओल आहे का ते तपासा. एजंट खिडकीतून दिसणारी दरी दाखवत असेल, तेव्हा तर नक्कीच.

एक गोष्ट इथले लोक पाहुण्यांना सहसा सांगत नाहीत. पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी शहरं आहेत. वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, मोठे कारखाने पूर्वेच्या सखल डॉन खोऱ्यात होते, म्हणून धूर पूर्वेकडे आणि पैसेवाले पश्चिमेकडे गेले. कारखाने गेले तरी फरक राहिला, लोकांच्या आयुर्मानातसुद्धा. मात्र आपला किराणा घ्यायला पूर्व आणि उत्तरेकडेच जावं लागतं. अ‍ॅटरक्लिफ आणि स्पायटल हिलच्या दुकानांत, बहुतेक पाकिस्तानी वंशाच्या मंडळींच्या, मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, आटा सगळं मिळतं. मेतकूट आणि भाजणी घरून आणा. मोठी खरेदी असेल तर रेल्वेने तासाभरावर लेस्टर आहे.

शाकाहारी असाल तर हेंडरसन्स रेलिशची बाटली आणाच. १८८५ पासून इथेच बनणारा नारिंगी लेबलचा पातळ काळा सॉस. वूस्टरशर सॉससारखा दिसतो, पण त्यात मासे नसतात. चिंच आणि लवंग असते. इथले लोक तो ‘पाय’वर (सारण भरून भाजलेला पदार्थ), चिप्सवर, चीज टोस्टवर ओततात. मी वरणात घालून बघितलाय. चालतो.

बघण्यासारखं? शहरातल्या गोष्टी दोन दिवसांत होतात. विंटर गार्डन आणि त्याला लागून असलेली मिलेनियम गॅलरी, दोन्ही फुकट. गॅलरीत चांदी-पोलादाच्या भांड्यांचा विभाग चुकवू नका. १८३६ ची बोटॅनिकल गार्डन्स मुलाला आवडेल. क्रूसिबल थिएटरात १९७७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा होते. ब्रॅमॉल लेन हे आज फुटबॉलचं मैदान आहे, पण तिथे १९०२ मध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी झालेली आहे, पहिली आणि शेवटची. या सगळ्यात मी पाहुण्यांना नेते ते केलम आयलंड संग्रहालयात, तेही रिव्हर डॉन इंजिन वाफेवर चालवण्याच्या दिवशी. १९०५ सालचं, १२,००० अश्वशक्तीचं धूड. चिलखती पत्रे लाटायला बनवलेलं. सुरू झालं की आधी पायाखालची फरशी हलते, मग तेलकट वाफेचा वास येतो, आणि वेगात फिरणारं ते सगळं वजन क्षणात थांबून उलट दिशेला फिरायला लागतं. मुलाच्या कानांवर हात ठेवा.

बाकी सगळी मजा डोंगरात. शहराच्या हद्दीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. मँचेस्टरकडे जाणाऱ्या लोकल गाडीने ग्रिंडलफर्डला उतरलं की पॅडली गॉर्जचा ओढा, पुढच्या हॅदरसेजला उतरलं की स्टॅनेज एजचा कडा, खाली अर्धवट घडवून टाकून दिलेले जात्याचे दगड अजून पडलेले. सह्याद्री चढलेल्याला हा कडा बुटका वाटेल, पण ऑगस्टमध्ये वरचं माळरान हेदरच्या फुलांनी जांभळं होतं तेव्हा तक्रार करायला जागा राहत नाही. रविवारी कारखान्याच्या धुरातून सुटून इकडे चालायला येण्याची कामगारांची प्रथा जुनी; त्यांच्या चालणाऱ्यांचा क्लब १९०० मध्येच निघाला होता. तेव्हा जमीनदार अडवायचे. आता वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘हिया’ म्हणतो, तुम्हीही म्हणायचं.

सप्टेंबरात येताय तर रेनकोटपेक्षा बूट चांगले घ्या, तेही इथेच, कारण भारतातून आणलेल्या बुटांचे तळ ओल्या पानांवर घसरतात. छत्रीचा वाऱ्यापुढे टिकाव लागत नाही. आणि लंडनचं विमान घेऊ नका. मँचेस्टर विमानतळावर उतरा. तिथून शेफिल्डला पूर्वी थेट गाडी होती, आता मँचेस्टर पिकॅडिली स्टेशनवर गाडी बदलावी लागते. ठरावीक गाडीचं आगाऊ तिकीट स्वस्त पडतं, पण विमान उशिरा आलं तर ते वाया जातं. मूल आणि चार बॅगा घेऊन धावण्यापेक्षा त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट काढा.